५३ वजा २७ : चुकलेल्या उत्तरामागचा नियम कसा शोधायचा

सहावीतला एक मुलगा, त्याला आपण महादू म्हणू, वजाबाकीत कायम चुकायचा. ५२ − २७ = ३५. वहीत अशी पानंच्या पानं. मी फिरती विशेष शिक्षिका, त्याच्या शाळेत दर मंगळवारी जायचे. ३५ बघितलं आणि मी निदान करून मोकळी झाले: वर दोन, खाली सात, म्हणजे पोरगा सातातून दोन काढतोय. ही चूक आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. मग दोन महिने मी त्याच्याकडून एकच घोकून घेतलं, "खालचा मोठा असेल तर शेजारच्याकडून उसना घ्यायचा." तो मान डोलवायचा, उसना घ्यायचा, आणि उत्तर पुन्हा ३५.

शेवटी एकदा वैतागून विचारलं, "उसना घेतलास ना?"

"हो बाई. बारातून सात गेले, राहिले पाच."

"मग?"

"मग उसना परत केला."

त्याच्या घरी वाटीभर साखर शेजारून आणली की दोन दिवसांत परत जाते. दशकाकडून घेतलेला दहाही तो काम झाल्यावर इमानदारीने परत देत होता. म्हणून पाचाचे पाचच राहायचे, त्यातून दोन गेले की तीन. 'उसना' हा शब्द मीच त्याच्या हातात दिला होता आणि त्याने तो मराठीत जसा वापरतात तसाच वापरला. दोन महिने मी अशा आजारावर औषध देत होते जो त्याला झालाच नव्हता.

हा लेख विशेष शिक्षकांसाठी आहे, पण नियमित वर्गाच्या शिक्षकांनाही चालेल. मूल गणितात नेमका काय विचार करतंय ते शोधायची एक रीत मी इथे देते. तिला लागतात पंधरा मिनिटं, सहा-सात गणितं, काड्यांच्या जुड्या, खोट्या नोटा आणि एक कोरी वही.

पायरी १ : वही बघा, पण गुण बघू नका

चाचणीचा पेपर फारसा उपयोगाचा नसतो. तिथे मूल घाबरलेलं असतं आणि शेजाऱ्याचं बघूनही लिहितं. रोजची वही, पाटी, खोडलेली पानं मागा. खोडलेलं तर मुद्दाम बघा, कारण मूल आधी काय करत होतं ते तिथे दिसतं.

एकाच प्रकारची निदान पाच गणितं शोधा आणि स्वतःला एवढंच विचारा: ही सगळी उत्तरं यावीत असा कोणता नियम असू शकेल? पोरं सहसा वाट्टेल ते लिहीत नाहीत. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ साली हेच वजाबाकीवर दाखवलं होतं: मुलांच्या पुष्कळशा चुका एखाद्या नियमाच्या असतात, तो नियम ओळखला तर मूल पुढच्या गणितात कोणतं चुकीचं उत्तर लिहील तेही सांगता येतं. आपल्याला तेच साधायचं आहे. पुढचं चुकीचं उत्तर आधी सांगता आलं, तर नियम सापडला असं धरायचं.

पायरी २ : गणित असं निवडा की उत्तरच बोलेल

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला देते, कारण माझी चूक इथेच झाली होती.

५२ − २७ हे गणित तपासणीसाठी कुचकामी आहे. सातातून दोन काढणाऱ्या मुलाला एककात ५ येतात. उसना घेऊन बारातून सात काढणाऱ्यालाही ५ येतात. दशकात दोघांचेही पाचातून दोन. दोघंही ३५ वर पोचतात आणि कोण कुठल्या वाटेने आलं ते कळायला मार्ग राहत नाही. एककांमधला फरक पाच असला की हे असंच होणार. ८१ − ३६, ६३ − २८, ही सगळी त्याच जातीची गणितं, आणि कार्यपत्रिकांत ती सर्रास असतात.

त्याऐवजी ५३ − २७ द्या. बरोबर उत्तर २६. आता चुका वेगळ्या पडतात.

३४ आलं तर मूल प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान काढतंय. ३६ आलं तर दहा घेतलेत, पण दशक कमी केलेलं नाही. महादूचं हेच होतं. ८० आलं तर वजाबाकीचं चिन्ह नजरेतून सुटलंय. आणि १६ आलं तर घरी आजोबा आहेत का ते विचारा. थट्टा नाही. जुन्या पिढीची रीत अशी: "तेरातून सात गेले सहा, हातचा एक. दोन नि एक तीन. पाचातून तीन गेले दोन." म्हणजे वरचं दशक कमी न करता खालच्यात एक मिळवायचा. रीत पूर्ण बरोबर आहे. पण शाळेने वरचे पाच खोडून चार करायला शिकवलेले, घरी खालच्या दोनाचे तीन करायला शिकवलेले, आणि पोराने दोन्ही केलं तर चारातून तीन जाऊन दशकात एकच उरतो.

दुसरं गणित ६० − २४. इथे ३६ बरोबर. ४४ म्हणजे पुन्हा मोठ्यातून लहान. ४६ म्हणजे दशक कमी करायचं राहिलं. ४० म्हणजे "शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्यच", हा शून्याचा स्वतंत्र घोळ आहे आणि तो ५३ − २७ मध्ये दिसलाच नसता.

या दोन गणितांसोबत एक बिनहातच्याचं द्या (५८ − २३) आणि एक तीन अंकी, मध्ये शून्य असलेलं (४०३ − १६७). चार गणितं झाली. वजाबाकीसाठी एवढी पुरतात.

इतर घटकांसाठीही असं एकेक गणित खिशात ठेवा. ८ + ४ = __ + ५ मध्ये रिकाम्या जागी १२ आले तर मुलाच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' अशी सूचना. १७ आले तर त्याने दिसले ते सगळे अंक मिळवले. अपूर्णांकात १/३ मोठा की १/८ एवढंच विचारा, आणि आठ मोठे म्हणून १/८ मोठा म्हणणाऱ्या मुलाला लगेच पाव किलो आणि अर्धा किलो विचारून बघा. दशांश चिन्हासाठी ०.३५ आणि ०.८ यांतलं मोठं कोणतं.

गणित देण्याआधी स्वतःचा अंदाज वहीत लिहा: "हा ३४ लिहील." लिहिलंच पाहिजे. नाहीतर नंतर मन म्हणतं, मला हेच वाटलं होतं.

पायरी ३ : बसा आणि गप्प राहा

मुलाशेजारी बसा, समोर नको. समोर बसलं की परीक्षा होते. मी खाली चटईवर बसते. सुरुवातीलाच सांगते, "आज मी तपासणार नाही. तू कसा विचार करतोस ते मला शिकायचंय." पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसत नाही, तिसऱ्या खेपेला बसतो.

मूल गणित करत असताना मधे बोलू नका, भुवई उंचावू नका, 'हं' सुद्धा म्हणू नका. आपली पोरं बाईंचा चेहरा वाचण्यात पटाईत असतात, आणि विशेष गरजा असलेली तर जास्तच, कारण वर्षानुवर्षं त्यांनी तेवढ्यावरच निभावलेलं असतं. "नक्की का?" हा प्रश्न तर वर्ज्यच. तो ऐकला की मूल लगेच उत्तर खोडतं, बरोबर असलं तरी.

विचारायचं असं:

"मला सांग, कुठून सुरुवात केलीस?"

"इथे तू छोटासा एक लिहिलास. तो कुठून आला?"

"तुझ्या धाकट्या बहिणीला हे शिकवायचं झालं तर काय सांगशील?"

"हेच दुसऱ्या कुठल्या रीतीने येईल का?"

बहिणीचा प्रश्न माझा आवडता. स्वतःच्या कृतीबद्दल बोलायला लाजणारं मूल धाकट्याला शिकवायचं म्हटलं की तोऱ्यात येतं.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांत मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद केले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. आपल्या मुलांना तीनही कमी पडतात. मी मनात दहापर्यंत मोजते. ती शांतता अंगावर येते, पण तेवढी सोसा.

बरोबर उत्तरांबद्दलही हेच प्रश्न विचारा. स्टॅन्ली अर्लवॅन्गर यांनी १९७३ साली अमेरिकेतल्या बेनी नावाच्या बारा वर्षांच्या मुलाशी झालेल्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. शिक्षिकेच्या मते तो गणितात चांगला होता, स्वाध्यायांमध्ये भराभर पुढे जात होता. बोलल्यावर निघालं की २/१० चा दशांश तो १.२ सांगतो आणि ५/१० चा १.५, अंश-छेदाची बेरीज करायची आणि मधे टिंब द्यायचं. शिवाय गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेल्या नियमांचा खेळ, उत्तरपत्रिकेशी जुळलं की झालं, अशी त्याची पक्की समजूत होती. बेनी आपल्याही वर्गात असतो, पहिल्या बाकावर.

पायरी ४ : तेच गणित कागदावरून उचलून हातात द्या

कागदावर चुकलेलं गणित जुड्या-काड्यांनी करायला सांगा. नंतर नोटांनी. मधे शिकवू नका, फक्त बघा.

महादूला मी विचारलं, "त्रेपन्न रुपये आहेत, सत्तावीसची वस्तू घेतली, किती परत?" नोटांना हात न लावता तो म्हणाला, "सत्तावीसला तीन दिले की तीस. मग वीस, पन्नास झाले. वरचे तीन. सव्वीस." त्याचे वडील आठवडी बाजारात भाजी लावतात. सहा वर्षं शाळेत 'वजाबाकी येत नाही' असा शेरा घेऊन फिरणारा मुलगा रविवारी सुट्टे परत देत होता.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमान यांनी हेच नोंदवलं. रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांनी धंद्यावर असताना ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तीच आकडेमोड शाळेतल्यासारखी कागदावर दिल्यावर ३७ टक्क्यांच्या आसपास. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ बाजारातल्या मुलाला शाळेची गरज नाही असा काढू नका. त्याची स्वतःची चालणारी एक रीत आहे आणि ती कागदाला जोडायचं काम आपलं, एवढाच घ्या.

जुड्यांत काय बघायचं? दहा काड्यांची जुडी सोडायची वेळ आल्यावर मूल काय करतं ते. काही मुलं जुडी सोडतात. काही पेटीतून नव्या दहा काड्या आणतात. अशा नव्या काड्या आणणारं मूल दशक कमी करणारच नाही, कारण त्याच्यापुढची जुडी जशीच्या तशी आहे. महादूनेही पेटीतूनच आणल्या, आणि शेवटी दहा मोजून परत ठेवल्या.

पायरी ५ : चूक गणिताची की मराठी संख्यानामांची?

ही पायरी परदेशी पुस्तकांत सापडायची नाही. 'पंचवीस' ऐकून मूल ५२ लिहितं. पालक म्हणतात उलटं लिहितो, कुणीतरी डिस्लेक्सिया म्हणून जातं. असेलही. पण आधी शब्द ऐका: पंच आधी, वीस नंतर. मुलाने ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं. जर्मन मुलांनाही हाच त्रास होतो, त्यांच्याकडेही एकक आधी बोलतात.

त्यात आपलं 'एकोण'. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, म्हणजे शब्दात तीस आणि लिहायचे मात्र २९. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणनव्वद असं घोकत गेलेलं मूल नव्व्याण्णवला येऊन अडखळतं, कारण तिथे 'एकोणशंभर' नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवा. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो हे परोपरीने सांगितलं. विनोदच जास्त झाले. संसाधन कक्षात, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांच्या खोलीत, बसणाऱ्या आम्हा लोकांना मात्र त्यातलं दुखणं रोजचं होतं.

तपासणी तीन बाजूंनी करा. संख्या बोला, मूल जुड्या मांडेल. जुड्या मांडा, मूल लिहील. लिहून दाखवा, मूल वाचेल. पंचवीस ऐकून दोन जुड्या आणि पाच सुट्या मांडणारं, पण ५२ लिहिणारं मूल संख्या समजलेलं आहे. अडलंय ते बोलण्यातून लिहिण्यात जाताना. पाच जुड्या मांडणाऱ्याचं दुखणं वेगळं आणि खोल आहे.

सेमी इंग्रजीच्या मुलांत आणखी एक भानगड. मराठी १ आणि इंग्रजी नऊ, मराठी ४ आणि इंग्रजी आठ दिसायला जवळचे. घरी एक लिपी, गणिताच्या तासाला दुसरी. आणि मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारकडे भिली बोलणाऱ्या मुलाला मराठी संख्यानाम ही परकी भाषाच आहे. त्याला आधी त्याच्या भाषेत मोजू द्या. आपल्याला ती येत नसली तरी बोटं दिसतात.

पायरी ६ : मूल बघून रीत बदला

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांतल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणितापुरती अक्षमता, येतो. प्रमाणपत्र सवलतीसाठी लागतंच, ते मिळवून द्या. पण मूल वजाबाकी कोणत्या नियमाने करतं ते त्यावर लिहिलेलं नसतं. एकाच प्रकारचं प्रमाणपत्र असलेल्या माझ्या दोन मुलींपैकी एक ५३ − २७ चं उत्तर ३४ लिहायची, दुसरी बोटांवर मागे मोजत २५ किंवा २७ वर थांबायची. दोघींना एकच कार्यपत्रिका देणं म्हणजे माझा दोन महिन्यांचा मूर्खपणा पुन्हा करणं.

कर्णबधिर मुलाशी खुणांनी बोलताना जपा, कारण खुणेतूनच उत्तर फुटतं. काढून टाकण्याची खूण आपण केली की वजाबाकी आपणच ठरवली. शाब्दिक गणित त्याला चित्रातून द्या किंवा अभिनय करायला लावा. 'पेक्षा', 'ने कमी', 'ला दिले' हे शब्दप्रयोग त्याला चकवतात. तेच गणित नुसत्या अंकांत देऊन फरक बघा.

अंध मुलगा टेलर फ्रेमवर, म्हणजे खुंट्या खोचून गणित करायच्या पाटीवर, करत असेल तर त्याचे हात बघा. एकाच खुंटीची दिशा फिरवून वेगवेगळे अंक होतात, त्यामुळे विचार बरोबर आणि खुंटी एक घर तिरकी असं घडतं. तेच गणित तोंडी विचारा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत वजाबाकीच्या फार अलीकडे जावं लागतं. सात बिया मोजायला द्या. "एक, दोन... सात" झालं की विचारा, "किती बिया?" पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे त्याला उमगलेलं नाही. मग म्हणा, "मला चार दे." मूठभर दिल्या तरी तेच. शंभरपर्यंत तोंडपाठ म्हणणारी मुलंही इथे थांबलेली असतात, आणि घरी कौतुक शंभराचं होतं.

स्वमग्न मुलाला "रामूने दोन पेढे खाल्ले" सांगितलं तर "रामू कोण?" असा प्रश्न येऊ शकतो. रास्त आहे. त्याच्या ओळखीची माणसं आणि वस्तू घाला. चंचल मुलाला पंधरा मिनिटं बसवू नका. फळ्यापाशी उभं राहून एक गणित, एक फेरी, मग दुसरं.

पायरी ७ : त्याच दिवशी लिहा, मुलाच्याच शब्दांत

प्रत्येक मुलासाठी चार ओळी: त्याने काय लिहिलं, तो काय म्हणाला (जसंच्या तसं, आपल्या भाषेत सुधारून नाही), मला काय वाटतं, आणि पुढच्या वेळी कोणतं गणित देऊन ते तपासणार. महादूच्या पानावर "उसना परत केला" हे अवतरणचिन्हांत आहे. मी जर "हातच्याची संकल्पना अस्पष्ट" असं लिहिलं असतं तर सगळं हरवलं असतं.

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यातही तेच उतरवा. "वजाबाकी येत नाही, सराव द्यावा" याऐवजी: "दहा सुटे करतो, पण दशक कमी करत नाही. पैशांचा हिशेब पुढे मोजत अचूक करतो. उद्दिष्ट: जुडी सोडताना प्रत्येक कृती लगेच कागदावर नोंदवणे." असं लिहिलं की वर्गशिक्षकांना सोमवारी काय करायचं ते कळतं.

पायरी ८ : मग शिकवा

नियम सापडल्यावर "हे चूक आहे" म्हणून सुरुवात करू नका. त्याची दोन उत्तरं एकमेकांसमोर ठेवा. महादूपुढे मी कागदावरचे ३६ आणि बाजारातले २६ ठेवले आणि गप्प बसले. तो बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःच नोटा मागितल्या.

दहाच्या पाच नोटा, रुपयाची तीन नाणी. सत्तावीस द्यायचे. दहाची एक नोट मोडून दहा नाणी घेतली. मी एवढंच विचारलं, "ती नोट आता कुठे आहे?" "मोडली." "परत करशील?" तो हसला. त्या दिवसापासून मी 'उसना' शब्द टाकला. आता मी 'मोडणे' म्हणते: दशक मोडायचं, नोट मोडतो तसं. मोडलेली नोट कुणी परत मागत नाही. नोट मोडली की त्याच क्षणी वरचे पाच खोडून चार लिहायचे, मगच नाणी मोजायची.

वेळेचं म्हणाल तर दहा-बारा शाळा फिरणाऱ्याला प्रत्येक मुलासोबत दर आठवड्याला हे जमणार नाही. मी शाळाभेटीत एकच मूल निवडते, बाकीच्यांचं नेहमीचं काम चालू ठेवते. वर्गशिक्षकांना शक्यतो शेजारी बसवते, तेवढं एकदा ऐकलं की पुढच्या वेळी ते स्वतःच विचारतात. नाही बसले तर चार ओळींचं पान त्यांच्या टेबलावर ठेवून निघते.

तीन आठवड्यांनी महादूने ५३ − २७ आणि ६० − २४ दोन्ही बरोबर सोडवली. मग मी ४०३ − १६७ पुढे सरकवलं. माझ्या वहीत अंदाज होता: बरोबर करेल, २३६. त्याने २४६ लिहिलं.

"कसं केलंस?"

"एककाला पाहिजे होते, दशकाकडे काहीच नाही. म्हणून शंभरची नोट मोडली, आणि दोघांना दहा-दहा दिले."

मी नोटांचा डबा पुन्हा उघडला आणि त्याला म्हटलं, "शंभर मोडून दाखव बरं. किती दहाच्या मिळाल्या, आणि त्यातल्या एककासाठी किती मोडल्या?"